डब्याचे गट

अकरावीच्या वर्षी मला शाळेची छात्रनायिका केलं, ते माझ्यात काही विशेष होतं म्हणून नव्हे. माझ्याआधी दोघींनी नाही म्हटलं होतं. एकीला डॉक्टर व्हायचं होतं, दुसरीला सकाळी लवकर उठायचा कंटाळा होता. मला नाही म्हणायची सवय नव्हती. शिवाय माझा आवाज मोठा होता आणि हिंदी स्वच्छ. मुख्याध्यापिकांनी, आमच्या बडी बहनजींनी, प्रार्थनेच्या वेळी माझ्या ओढणीला बिल्ला टोचला आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आतच त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं, "कल से पंद्रह मिनट पहले आना."

ती स्वच्छ हिंदी मला फुकट मिळाली नव्हती. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मी सहावीत होते. त्याआधी आम्ही रिसालीच्या पलीकडे, ठेका मजुरांच्या झोपड्यांच्या लाइनीत राहत होतो. घरात भंडाऱ्याकडची मराठी, बाहेर छत्तीसगढी. सेक्टरच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी "मले पाणी पायजे" म्हटलं आणि आख्खा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी जवळजवळ बोललेच नाही. नुसती ऐकत राहिले. सातवीत तोंड उघडलं तेव्हा ऐकणाऱ्याला मी कुठली, ते कळत नव्हतं. कोणी विचारलं तर मी विषय बदलायची. पाच वर्षांत शाळेतल्या एकाही मैत्रिणीला मी रिसालीच्या त्या लाइनीबद्दल सांगितलं नव्हतं.

त्या जुलैत नववीत पंधरा-सोळा नव्या मुली आल्या. रिसालीकडच्या गावातली शाळा आठवीपर्यंतच होती, आणि पुढच्या वर्गांसाठी त्यांना आमच्या शाळेत घ्यावं, असा आदेश आला होता. त्यांचे गणवेश आमच्यासारखेच निळे होते, पण प्रत्येकीचा निळा वेगळा. पायात रबरी चपला. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगा सरळ करत मी नववीपर्यंत पोचले, तर रांगेतून एकदम मोठ्यानं आवाज आला, "अवं! तू अथी हायेस?"

आमची शेजारीण. लाइनीत तिची झोपडी आमच्या झोपडीला लागून होती. भिंत एकच. माझ्याहून वर्षभरानं लहान, पण मध्ये एक वर्ष शाळा सुटली म्हणून मागे राहिलेली. नळाच्या रांगेत आम्ही दोघी एकाच पालथ्या गुंडावर, पाण्याच्या हंड्यावर, बसून भांडायचो. तिचे वडील आणि माझे वडील एकाच गावातून, एकाच दिवशी भिलाईला आले होते. माझ्या वडिलांना प्लांटमध्ये पक्की नोकरी लागली. तिचे ठेक्यावरच राहिले.

तिचे दात तसेच, पुढचा एक अर्धा तुटलेला. ती खूश होऊन हसत होती. आजूबाजूच्या मुलींनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "लाइन में सीधी रहो. बातें नहीं."

आणि पुढे गेले. तिचं हसणं थांबलेलं मी बघितलं नाही. बघायला नको, म्हणूनच पुढे गेले.

महिनाभरात भांडणं सुरू झाली. नव्या मुली मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागच्या ओट्यावर बसून खायच्या. कोणी त्यांना तिकडे पाठवलं नव्हतं आणि कोणी इकडे बोलावलंही नव्हतं. एक दिवस पाण्याच्या नळावर दहावीतल्या एका मुलीनं त्यांच्यातल्या एकीचा भरलेला गिलास ओतून दिला आणि स्वतःचा भरण्याआधी नळ धुतला. धुतलेला सगळ्यांनी पाहिला. नव्या मुलींनी तिची वेणी धरली. बडी बहनजींनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर भोपाळहून आलेल्या कागदांचा ढीग होता. त्या वर न बघता म्हणाल्या, "तुम कुछ करो. लड़कियाँ लड़कियों की बात सुनती हैं."

मी सोळा वर्षांची होते. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन दिवस विचार करून मी डब्याचे गट काढले. नववी ते अकरावीच्या सगळ्या मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या. त्या आईच्या तांदळाच्या डब्यात घातल्या, हलवल्या आणि सहा-सहा काढल्या. ज्या सहाजणी एका गटात येतील त्यांनी मधल्या सुट्टीत एकत्र बसून खायचं. गटाची जागा ठरलेली: कोणी व्हरांड्यात, कोणी कडुनिंबाखाली, कोणी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर. बडी बहनजींना कल्पना आवडली. त्यांनी प्रार्थनेत माझं कौतुक केलं. नावं मी वाचून दाखवली तेव्हा प्रत्येक गटानंतर कुजबुज होत होती.

पहिला आठवडा फार वाईट गेला. सहाजणी गोल बसायच्या, पण पाठीला पाठ लावून. सेक्टरच्या मुली डब्याचं झाकण उभं धरून त्याआड खायच्या. रिसालीच्या मुलींकडे डबे नव्हते, फडक्यात बांधलेलं असायचं, त्या फडकं सोडायच्याच नाहीत. घंटा झाली की सगळ्या एका क्षणात उठायच्या. मी या गटाकडून त्या गटाकडे पळत असायची. इथे कोणी कोणाला काही बोललं, तिथे कोणी रुसून सायकल स्टँडमागे गेली, तिला आणा. माझं नाव मी चिठ्ठ्यांत घातलंच नव्हतं. छात्रनायिकेनं लक्ष ठेवायचं असतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

माझा डबा तसाच घरी जायचा. आई उघडून बघायची.

"कावून वं, आजही खाल्ला नाहीस?"

"वेळच नाही मिळाला."

"शाळेत शिकाले जातेस का पाहारा द्याले?"

मी डबा घासायला टाकायची. पुस्तक घेऊन बसायची आणि तिसऱ्या ओळीवर डोळे मिटायचे. त्या वर्षाची माझी मुख्य आठवण हीच आहे: पोटऱ्या दुखणं आणि कोरडा घसा. चांगलं काम करताना माणसाला उत्साह वाटतो असं मी वाचलं होतं. मला फक्त ते संपावं असं वाटायचं.

तरी दुसऱ्या महिन्यात काही ठिकाणी बर्फ वितळायला लागला. कडुनिंबाखालच्या गटात एका तेलुगू मुलीनं आंब्याचं लोणचं पुढे केलं आणि रिसालीच्या मुलीनं टमाट्याची चटणी. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोघी हसल्या. पायऱ्यांवरच्या गटात भाज्यांचा खेळ सुरू झाला. रिसालीच्या मुलीनं फडक्यातली हिरवी भाजी दाखवायची आणि बाकीच्यांनी नाव ओळखायचं. चेच भाजी कोणालाच ओळखता आली नाही. बंगाली मुलीला वाटलं, आपल्याकडचाच पाट, तागाचा कोवळा पाला. मला ती दुरून दिसताच ओळखू आली होती. आमच्या झोपडीत आठवड्यातून चारदा व्हायची. मी उभी होते, बिल्ला लावलेला होता. नाव न सांगता मी पुढच्या गटाकडे गेले.

आमची शेजारीण त्या तेलुगू मुलीच्या गटात होती. तिनं मला पुन्हा हाक मारली नव्हती. समोरून गेले की ती खाली बघायची.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत एक बाई आल्या. दहावीतल्या एका मुलीची आई, प्लांटमधल्या साहेबांच्या पत्नी. मराठी. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्या आरतीचं ताट धरायच्या, म्हणून मी त्यांना ओळखत होते. आम्ही मागच्या सतरंजीवर बसायचो, म्हणून त्या मला ओळखत नव्हत्या. बडी बहनजींकडे त्यांची भेट झाली होती. तिथून त्या माझ्याकडे आल्या, नळाजवळ मला बाजूला घेतलं आणि अगदी मऊ आवाजात बोलल्या.

"हे गट-बिट तू काढलेस ना? छान कल्पना आहे हो. पण कसं आहे, आमच्याकडे खाण्यापिण्याचं जरा असतं. त्या मुलींचा हात आमच्या मुलीच्या डब्याला... तू मराठी आहेस ना? मग तुला मी जास्त काय सांगायचं? तू आपल्यातली."

मी ओढणीवरचा बिल्ला सरळ केला.

"मूळ गाव कुठलं तुमचं?"

मी म्हटलं, "नागपूर."

किती सहज म्हटलं. नागपूर मी तोपर्यंत फक्त गाडीच्या खिडकीतून बघितलं होतं. बाईंनी हसून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वळले, तर नळाखाली गिलास धरून आमची शेजारीण उभी. गिलास भरून वाहत होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पूर्ण आठवडा नाही. नववीच्या बहनजी म्हणाल्या, पंधरा दिवस झाले की नाव कमी होईल. मी गटांची यादी बघत राहिले. कुठल्याही मुलीसाठी मी तिच्या घरी जाऊन आले असते. तिच्या घराकडे माझे पाय वळत नव्हते.

शेवटी आईला सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की ती शाळेत येत नाहीये. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मले मालूम हाये. तिची माय मले दर बाजारी भेटते."

"तू भेटतेस? मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "रविवारी जाऊन ये. आणि रिकाम्या हातानं नोको जाऊ."

रविवारी दुपारी मी चालत गेले. हातात आईनं दिलेला चिवड्याचा पुडा. लाइन तशीच होती. नळ तोच, त्याच्याभोवतीचा चिखल तोच. आमच्या जुन्या झोपडीत कोणी ओडिया कुटुंब राहत होतं, दारासमोर त्यांची शेळी बांधलेली. शेजारच्या दारात तिची आई कपडे पिळत होती. मला बघून म्हणाली, "आली का माय? ये, बस." जसं काही मी काल येऊन गेले होते.

शेजारीण आत सुपात तांदूळ निवडत होती. तिनं बघितलं आणि निवडत राहिली. तिच्या आईनं पोतं अंथरलं. मी बसले. चिवड्याचा पुडा पुढे ठेवला.

"शाळेत कावून नाही येऊन राहिली?" मी विचारलं. त्या भाषेत बोलून मला इतके दिवस झाले होते, की शब्द तोंडात जड लागत होते.

"आता आली वाटते बोली," ती म्हणाली.

"गटात कोणी काही म्हणते का तुले?"

"नाही. गटातल्या पोट्ट्या चांगल्या हायेत. ते तेलुगू पोरगी मले तिच्या डब्यातली इडली देते." तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "तुनं सगळ्यायले सोबत बसवलं. तू कोणाजवळ बसलीस?"

"माझं काम असते ना, फिरावं लागते..."

"हो. लय काम असते तुले." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "नागपूरले कधी राहत होतीस वं तू? मले तं नाही आठवत."

माफी मागायची असते हे मला कळत होतं. पण दोन महिने मी इतकी बोलले होते, इतक्यांना समजावलं होतं, की आता आत काही उरलंच नव्हतं. मी तिच्या सुपातला एक खडा वेचला. तिच्या आईनं विचारलं, "जेवली का?" मी नाही म्हटलं. तिनं ताटलीत भात आणि भाजी वाढली. ती चेच भाजीच होती, लसूण घातलेली. मी खाल्ली. पुन्हा वाढली, पुन्हा खाल्ली. तिसऱ्यांदा वाढताना तिची आई म्हणाली, "या पोरीले घरी जेवाले देत नाहीत का?" आणि शेजारीण हसली. हसली आणि लगेच थांबली.

जेवून मी भिंतीला टेकले, आणि झोपच लागली. दुसऱ्याच्या घरी, भर दुपारी, रुसलेल्या मुलीला समजवायला जाऊन मी झोपले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, डोक्याखाली कोणी घडी केलेलं लुगडं ठेवलं होतं आणि शेजारीण नळावर गेली होती. मी तिथे गेले, भरलेला गुंड उचलायला वाकले. ती म्हणाली, "राहू दे. सवय नसंल आता." मी उचललाच. झोपडीपर्यंत अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं.

शाळेत येशील का, हे मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आले तेव्हा वडील पहिल्या पाळीहून आलेले होते. कुठे गेले होते ते आईनं त्यांना सांगितलं असावं. ते खाटेवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पक्क्या नोकरीच्या यादीत तिच्या बापाचं नाव माझ्या आधी होतं. ज्या दिवशी बोलावणं आलं, त्या दिवशी त्याची माय मेली होती. तो गावाले गेला होता." मग बूट खाटेखाली सरकवले. त्यापुढे या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला कळलं, की त्या घराशी संबंध ठेवणारी आई एकटीच नव्हती. दर दिवाळीला एक पिशवी वडील सायकलला लावून कुठे न्यायचे, तेही.

शेजारीण मंगळवारी शाळेत आली. मी गेले म्हणून नाही. नाव कमी होईल असा निरोप आला आणि तिच्या आईनं तिला ढकलून पाठवलं. हे तिनंच नंतर मला सांगितलं.

मी गटांच्या यादीत माझं नाव घातलं. पुन्हा चिठ्ठ्या काढायचं त्राण नव्हतं, सरळ तिच्या गटात सातवी म्हणून बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सरकून जागा केली. मी माझा डबा उघडला. तेलुगू मुलीनं लोणचं दिलं. बाकी गटांवर त्या दिवशी कोणीच लक्ष ठेवलं नाही आणि काही बिघडलंही नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्या बाई पुन्हा भेटल्या. ओळखीचं हसल्या. माझ्या शेजारी ती उभी होती. मी म्हटलं, "ही माझी शेजारीण. आमी रिसालीकडच्या लाइनीत राहत होतो. आमचं गाव भंडाऱ्याकडचं हाये, नागपूर नाही." मी मुद्दाम त्याच बोलीत म्हटलं.

बाई म्हणाल्या, "असं होय." फार सभ्यपणे म्हणाल्या. शेजारीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाल, नाटक सुरू होऊन राहिलं." बस, एवढंच. मला वाटलं होतं, आता काहीतरी मोकळं होईल, गळ्यात गळे पडतील. तसं काही झालं नाही. आम्ही सतरंजीवर बसलो आणि नाटक पाहिलं. नाटकही कंटाळवाणं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या मुलीनं गट सोडला. तिच्या पाठोपाठ आणखी सात-आठजणींनी. घरून चिठ्ठ्या आणल्या होत्या: पोट बिघडतं, पथ्य आहे. जानेवारीत बडी बहनजी म्हणाल्या, "अब परीक्षा सिर पर है, यह सब रहने दो." मी वाद घालायला हवा होता. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. गट मोडले. तीन-चार गट मात्र आपणहून बसत राहिले, कडुनिंबाखालचा त्यांपैकी एक. तिथे मी परीक्षेपर्यंत जात होते. माझी जागा तिथे होती, पण पाहुणीची होती.

मी अकरावी पास झाले (तेव्हा शाळा तिथेच संपायची), दुर्गच्या कॉलेजात गेले, मग शिक्षिका झाले. तीस वर्षं शिकवते आहे, काही वर्षं नंदिनी नगरच्या शाळेत, बाकी इथे भिलाईतच. दर दोन-तीन वर्षांनी कोणी वरिष्ठ येतात आणि म्हणतात, मुलांना जोडा, वेगळी पडलेली मुलं शोधा. मी ते करते. करायला हवं म्हणून करते. पण मोठ्या आवाजाच्या मुलीला बिल्ला लावून सगळं तिच्यावर सोडून देत नाही. मी स्वतः सोबत असते. त्यामुळे कामं कमी होतात आणि मी अधिक थकते.

शेजारीण नंतर रिसालीतच अंगणवाडीत लागली. तिच्या लग्नाला माझे आईवडील गेले, माझी परीक्षा होती. पुढे दुर्गला मोहन नगरात एका नातलगाच्या घरी आम्ही भेटलो, दोघींचेही केस पांढरे झालेले. मी तो विषय काढला. इतकी वर्षं काढला नव्हता.

ती म्हणाली, "मले तं त्या सालचं गणितच आठवते. नापास झाली ना मी. पुन्हा नववीत बसली."

मला हे माहीतच नव्हतं.

"मग पुढच्या जुलैत आमच्या गावच्या आणखी पोट्ट्या आल्या," ती सांगत होती. "पयल्या दिवशी सायकल स्टँडच्या मागं जाऊन बसल्या. मी त्यायले म्हटलं, अथी कावून बसता वं, चला. नेलं कडुनिंबाखाली."

"आणि मग?"

"मग काय? बसल्या. जेवल्या." तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, कारण तिची बस होती.